मांगरातलं चित्र, खळ्यातला तुकडा

खळ्यातल्या एका तुकड्यावरून मी कुणाला चालू देत नव्हतो. गावात त्यावरून माझी टिंगल झाली. झाली तर झाली.

खळं म्हणजे आमच्या घरापुढचं अंगण. पावसाळ्यात ते राहत नाही. माती वाहून जाते, शेवाळ धरतं, गवत माजतं. पाऊस सरला की ते नव्याने करायचं. माती खणायची, पाणी मारायचं, चोपून चोपून सपाट करायची आणि वर शेणाने सारवायचं. चोपायचं काम माझं, सारवायचं तिचं. ती म्हणजे माझी बायको. तुळशीच्या लग्नाआधी खळं झालंच पाहिजे, हा तिचा हट्ट. त्या वर्षीही झालं. तुळशीचं लग्न लागलं, पोरांना चुरमुरे वाटले, ऊस वाटला. पुढचं सारवण करायची वेळ यायच्या आत ती विहिरीवर गेली आणि तिथेच बसली. कळशी भरलेली होती. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हटलं, असेल.

आमच्याकडे माणूस घराबाहेर काढलं की मागच्या मागे बायका घर सारवायला घेतात. मढं ठेवलेली जागा, ओटी, पडवी, खळं, सगळं. मी स्मशानातून ओल्या पंचानिशी परत आलो तेव्हा त्यांचं निम्मं काम झालेलं होतं. पडवी झाली होती, पायऱ्यांपासून वाटेपर्यंतचं खळं झालं होतं. तुळशीच्या वृंदावनापासून गडग्यापर्यंतचा, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपर्यंतचा तुकडा राहिला होता आणि माझी वैनी बालदी घेऊन तिकडे सरकत होती. वैनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको, गडग्यापलीकडे राहते. भाऊ जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

मी ओरडलो. कसा ओरडलो ते मला आठवत नाही, पण बायका उठून उभ्या राहिल्या.

"भावजीनू, असां करू नये," वैनी म्हणाली. "सारवूकच होया. सुतक आसा."

"तेवढां ऱ्हवांदे."

"कित्याक?"

"ऱ्हवांदे म्हटलंय ना!"

 बायकोच्या हाताने केलेलं शेवटचं काम तेवढंच शिल्लक होतं. लुगडी होती, पण ती विणणाऱ्याची. भांडी होती, ती बाजारातली. हा तुकडा तिच्या पंजाने केलेला. दहाव्या-बाराव्याला भटजीने पण कटकट केली, शुद्धी कशी व्हायची म्हणाला. शेवटी त्या तुकड्यावर गोमूत्राचे चार थेंब शिंपडले आणि भागवलं. मुलगा मुंबईहून आलेला, तो बाराव्यानंतर परत गेला. मी तुकड्याच्या कडेला चिरे मांडले. कोंबड्या येऊ नयेत म्हणून माडाची झावळं आडवी टाकली. वाटेने येणारा माणूस वळसा घालून यायचा आणि वळसा घालताना काहीतरी बोलायचाच.

"थंय काय सोन्याचो हंडो पुरून ठेवलास काय, भावजीनू?" वैनी रोज विचारायची.

"होय. तुमका वाटो नाय."

असं दोन महिने चाललं असेल. माणूस मेल्यावर लोक पहिले दिवस येतात, मग येणं विरळ होतं, मग आपणच कुणाकडे गेलो तर लोक गप्प बसतात. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, मी पूर्वी जायचो. आता खांद्यात जोर नाही, तरी किनाऱ्यावर जाऊन बसायचो. तिथेही दोर ओढणारे माझ्याकडे बघून हसणं थांबवायचे. म्हणून जाणं सोडलं. घरात आवाज म्हणून जो काय व्हायचा तो माझाच. खोकलो तर खोकल्याचा, भांडं पडलं तर मीच पाडलेलं.

पौषात वैनी एका बाईला घेऊन आली. गोरी, उंच, हाडापेराने मोठी. तरुण नव्हती, केस पांढरे झालेले. गोव्याला बरेच हिवाळे काढलेली, त्यामुळे तिला बाजारातलं हिंदी येत होतं. माझंही हिंदी बंदरातलं, म्हणजे दोघांचं सारखंच वाईट. ती चित्रं काढते आणि तिला मोठी भिंत पाहिजे, जिथे माणसांची वर्दळ नाही अशी, एवढं वैनीने सांगितलं.

"तुमचो मांगर रिकामो आसा ना," वैनी म्हणाली. "गवत तरी खंय ठेवतास आता? गोरवां इकलास."

मांगर म्हणजे घराशेजारची गवत आणि जाळी ठेवायची मोठी खोप, चिऱ्याच्या भिंतींची. मी हो म्हटलं. भाड्याचं काय ते वैनीने ठरवलं, मी त्यात पडलो नाही. बाई कुठली म्हणून विचारलं तर स्वीडन म्हणाली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मधे मधे. स्वीडन कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. तिने पडवीत ओल्या बोटाने नकाशा काढला. खाली आपण, मग वर, मग आणखी वर. तोपर्यंत खालचं पाणी सुकलं होतं.

तिने खळं बघितलं. मोठं, सपाट, उजेडाचं. त्या तुकड्याकडे बोट करून म्हणाली, "कपड़ा यहाँ खोलूँ? पहले ज़मीन पर काम करती हूँ।"

"ना."

तिने कारण विचारलं नाही. आमच्या गावात कारण विचारल्याशिवाय कुणी पाण्याचा तांब्या हातात घेत नाही. ती "ठीक है" म्हणाली आणि चिऱ्यांना वळसा घालून मांगरात गेली. पुढे तीन महिने तशीच वळसा घालून जात राहिली, हातात बालद्या असल्या तरी.

मांगराच्या लांब भिंतीवर तिने कापड ताणून ठोकलं. एवढं मोठं कापड मी फक्त शिडाचं बघितलेलं. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक अंधुक दिसावं, म्हणजे माझ्या डोळ्यांना तरी. त्यावर तिने आधी सगळीकडे तांबडा रंग दिला. आमच्याकडच्या मातीसारखा तांबडा. मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यावर राखाडी हिरवट रंगाचे पट्टे, एकाला एक लागून, वरून खाली. पातळ रंग, मागचा तांबडा त्यातून दिसत होता. तिच्याकडे रुंद ब्रश होता, त्याला काठी बांधलेली. आणि लादी पुसायला रबर लावलेली पट्टी असते तसं एक. ब्रशने लावायचं, रबराने ओढून काढायचं.

मी माशाचं क्रेट पालथं घालून दाराशी बसलो.

"इसमें क्या है?" मी विचारलं.

"कुछ नहीं है।"

"कुछ नहीं है तो इतना कपड़ा काहे को?"

ती हसली. "तुम बैठो। फिर तुम बोलो क्या है।"

"मेरे को क्या समझता?"

"मेरे को भी थोड़ाच समझता।"

हे मला पटलं. निदान खोटं बोलत नव्हती.

वैनी बघायला आली, अर्थातच आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली.

"गो बाये, ह्या काय केलंस?" ती बाईला मालवणीतच म्हणाली. "आमच्या शाळेची भित अशी रंगयल्यानी आसती तर मास्तरांनी रंगाऱ्याक बडवन काडल्यानी आसतो. ह्याच्यापरास आमचो कोंबो बरां काडता. पाय शेणात घालता आणि चलत जाता."

बाईने माझ्याकडे बघितलं. "क्या बोला?"

"बोलती है, हमारा मुर्गा इससे अच्छा करता है."

"तो मुर्गा को भेजो," बाई म्हणाली. "मैं थक गई।"

मी ते वैनीला सांगितलं. वैनी हसली ती थांबेचना, आणि त्या दिवसापासून तिला बाईसाठी भाकरी जास्त टाकायची सवय लागली.

मी रोज जाऊन बसायचो. चित्र बघायला नाही, कुणीतरी काम करतंय तिथे बसायला. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, फार वेळ बघितलं की पाणी येतं. मग डोळे मिटून बसायचो. असंच एकदा डोळे मिटलेले असताना मला ब्रशचा आवाज ऐकू आला. सर्रकन एक ओढ, थांबणं, बालदीत बुडवणं, परत ओढ. चार-पाच ओढी जवळजवळ, मग मोठं थांबणं. मग एकच लांब ओढ.

मी हे ओळखलं. रापण ओढताना असंच होतं. जाळं समुद्रात पसरलेलं असतं आणि दोन्ही बाजूंनी माणसं दोराला लागलेली असतात, मागे मागे सरत. लाट परत जाते तेव्हा जाळं समुद्र धरून ठेवतो, तेव्हा कुणी ओढत नाही. कुणी सांगतही नाही की थांबा. पायालाच कळतं. मग लाट येते, दोर सैल पडतो आणि सगळे एकदम चार पावलं मागे. नवीन माणूस एकसारखा ओढत राहतो आणि तासाभरात मरतो. ताकद लागते ती ओढायला नाही, थांबायला.

डोळे उघडून भिंतीकडे बघितलं तर तेच तिथे होतं. पट्टे जवळ जवळ, जवळ जवळ, मग मोकळी जागा जिथे तांबडा तसाच ठेवलेला, मग एक लांब रुंद पट्टा. चित्रात काय आहे हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. पण ते कसं चाललंय हे कळलं. एका बाजूने बघायला सुरुवात केली की ते तुम्हाला धरून नेतं, थांबवतं, सोडतं.

बाईला म्हटलं, "ये रापण है."

"क्या है?"

तिला किनाऱ्यावर घेऊन गेलो. कित्येक दिवसांनी मी स्वतः तिकडे गेलो. दोर ओढणाऱ्यांनी तिलाही दोराला लावलं. पहिल्यांदा एकसारखी ओढत होती. मग तिने ओढणं बंद करून नुसतं धरलं, पायाकडे बघत. आणि मग जमलं. एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "तात्यानू, ही बाई खंयसून आणलास? आमच्यापरास बरी ओढता." त्या दिवशी मला बघून कुणी गप्प झालं नाही.

रंगाचं मला उशिरा कळलं. राखाडी पट्ट्यांच्या मधे एका सकाळी तिने एक अरुंद नारिंगी पट्टा ओढला, पोफळीवरच्या पिकलेल्या सुपारीसारखा. मी दारातून बघितलं तर सगळा राखाडी भाग निळा झालेला.

"वो रंग काहे को बदला?" मी म्हटलं. "अच्छा था."

"नहीं बदला।"

"झूठ मत बोलो. कल तक राख था. आज पानी है."

 तिने खोक्याचा एक पुठ्ठा आणला आणि नारिंगीवर धरला. राख. पुठ्ठा काढला. पाणी. मी पुढे जाऊन स्वतःच्या हाताने पुठ्ठा धरला, काढला, धरला, काढला. लहान पोरासारखा खेळलो. रंगाला हात लावला नव्हता तिने. शेजारी एक आणून ठेवला होता, एवढंच.

मी घरी आलो. घर तेच होतं. चूल, कोनाडे, खुंटीवरची माझी छत्री, काहीच हललेलं नव्हतं. माणूस गेलं की घर खायला उठतं म्हणतात, पण मला तसं वाटत नव्हतं. मला वाटायचं, कुणीतरी येऊन सगळ्या वस्तू बदलून ठेवल्यात आणि मला सांगत नाहीत. त्या दिवशी कळलं की वस्तू बदललेल्या नाहीत. शेजारचा एक रंग काढलाय. हे बाईला सांगावं असं वाटलं, पण माझ्या हिंदीत ते मावलं नसतं.

शिमगा जवळ आला तेव्हा चित्र बरंच पुढे गेलं होतं, दाराकडचं टोक तेवढं राहिलेलं. एका सकाळी मी गेलो तर तेही भरलेलं. ती चहा पीत बाहेर बसली होती. मी क्रेटवर बसलो आणि त्या टोकाकडे बघून मला बरं वाटेना. पट्टे होते, रंग तेच होते. पण ओळखीच्या घरात परकं माणूस वावरतंय असं काहीतरी.

"इधर किसने किया?" मी विचारलं.

"मैंने।"

"ना. ये दूसरा आदमी है."

तिने चहाचा कप खाली ठेवला. उजवा खांदा धरून दाखवला आणि चेहरा वाकडा केला. मग डावा हात वर केला. "कल दर्द था। इससे किया।" उठून तिने मला दाखवलं. उजव्या हाताचे पट्टे वर जड आणि किंचित एका बाजूला कललेले. डाव्या हाताचे दुसऱ्या बाजूला कललेले, आखूड, आणि दाब खालच्या अंगाला.

"फिर से करेगी?"

"नहीं। कंधा दुखता था। दिखने दो।"

मी पेजेची वेळ झाली म्हणून निघालो. चिऱ्यांना वळसा घालताना सवयीने खाली बघितलं आणि उभा राहिलो.

सारवण कधी बघितलं असेल तर ठाऊक असेल. सारवणारी उकिडवी बसते, मागे मागे सरते आणि हात फिरवते तशा अर्ध्या चंद्रकोरी उठतात, एकीच्या पोटात दुसरी. वृंदावनाजवळच्या चंद्रकोरी मोठ्या होत्या, तोंडं एका दिशेला. तुकड्याच्या मध्यापासून त्यांची तोंडं फिरलेली होती. आणि त्या लहान होत्या, दाट दाट.

आधी वाटलं की त्या दिवशी बायकांनी इथपर्यंत सारवलं असणार. पण त्यांच्या सारवणाची कड वेगळी दिसत होती, त्यांचं पिवळट. इथलं काळपट, माझी बायको शेणात कोळसा कुटून घालायची म्हणून. सगळं तिचंच. इतके दिवस मी ते राखलं, कोंबड्या हाकलल्या, लोकांशी भांडलो आणि एकदाही बघितलं नव्हतं.

चिरा ओलांडून मी गुडघ्यावर बसलो. चंद्रकोरीत उजवा पंजा ठेवला, मनगट वळवावं लागलं. डावा ठेवला. बरोबर बसला.

तिने डाव्या हाताने सारवलं होतं. तुळशीच्या लग्नाचं खळं. कुणाला रिकामं सूपसुद्धा डाव्या हाताने दिलेलं तिला चालायचं नाही. सुनेच्या हातून एकदा डाव्या हाताने कुंकू लागलं तर दिवसभर पुटपुटत होती. त्या दिवशी मी उठायच्या आधी खळं सारवून झालं होतं, तेवढं मला आठवतं. एवढ्या लवकर कशाला, म्हणून मी विचारलंही होतं. ऊन व्हायच्या आधी बरं पडतं, म्हणाली.

मी गडग्यावरून हाक मारली. वैनी बांगडे वाळत घालत होती.

"वैनीनू, हय येवा."

ती आली. चिऱ्यांच्या आत मला बसलेला बघून थबकली. मी त्या चंद्रकोरींवर बोट ठेवलं.

"ह्यां बघा. ह्यो डावो हात."

तिने बघितलं. तोंड उघडून मिटलं. काही ठाऊक नसलेला माणूस असा गप्प राहत नाही.

"तुमका म्हायत होतां," मी म्हटलं.

"तिचो उजवो हात दसऱ्यापासना वर जायत नाय होतो," वैनी म्हणाली. "वेणी घालूक माझ्याकडे येय. तुमका सांगा म्हटलंय, तर माका शपथ घातल्यान."

"कसली शपथ?"

"म्हणाली, तेंका कळला तर डॉक्टराकडे व्हरतले, आणि खळां तसांच रवतलां. एकदा तुळशीचां लगीन होवंदे, मगे मीच सांगतलंय. असां म्हणाली." वैनीने पदर तोंडाला लावला. "माका काय ठावक, भावजीनू? माका वाटला, सांधो धरलोहा. आमच्या वयाक कोणाचो सांधो धरणा नाय?"

मी तिला जा म्हणालो. वाईट शब्दात म्हणालो. ती गेली आणि शिमग्याची पालखी येऊन गेली तरी आम्ही बोललो नाही.

आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ह्या हिशेबात मी पडत नाही. तो ज्याला करायचा त्याने करावा. मला लागलं ते दुसरंच. तोपर्यंत मला वाटत होतं की एकटा मी पडलो, तिच्या जाण्यानंतर. ती मात्र पहाटेच्या थंडीत खळ्यात उकिडवी बसून दुखरा हात पोटाशी धरून डाव्या हाताने सारवत होती, आणि मी आत भिंतीपलीकडे घोरत होतो. चाळीसच्या वर वर्षं एका घरात. मी ओळखतो म्हणायचो.

त्यानंतर तो तुकडा मला बघवेना आणि सोडवेना. आधी बघितलं की बरं वाटायचं. आता खळ्यात पाय टाकला की नजर तिथेच जायची, जिथे चंद्रकोरी फिरतात तिथे. मी मांगरातही दाराकडच्या टोकाला पाठ करून बसायला लागलो. बाईने ते बघितलं असणार. एक दिवस माझं क्रेट उचलून तिने दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.

चैत्र लागायच्या आधी तिला निघायचं होतं. उकाडा वाढला होता. चित्र उतरवून मोठ्या पाइपवर गुंडाळायचं, त्यासाठी सपाट, कोरडी, लांबरुंद जागा पाहिजे. मांगराची जमीन खड्ड्यांची. किनाऱ्यावर वाळू आणि वारा. वैनीच्या खळ्यात बांगडे. बाई दारात उभी राहून विचार करत होती. माझ्या खळ्याकडे तिने बोट केलं नाही.

मी उठलो आणि झावळं ओढून गडग्याला टाकली. मग चिरे उचलायला लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "पक्का?"

"पक्का. डालो."

"बाद में नहीं रहेगा।"

"मालूम है. पावसात तसाही जाणार," मी म्हटलं. अर्धं मराठीतच बोललो.

रापणीची माणसं बोलावली. त्यांनी दोन्ही बाजूंनी कापड धरलं आणि मांगरातून बाहेर काढलं. जाळं नेताना पडतात तशी सगळ्यांची पावलं आपोआप एका वेळी पडत होती. खळ्यात आणून पसरलं. वृंदावनापासून गडग्यापर्यंत, माझा तुकडा सगळा त्याच्याखाली.

ऊन पडलं आणि मी ते चित्र पहिल्यांदा पूर्ण बघितलं, पडवीत उभं राहून. मांगरात जो राखाडी होता तो उन्हात हिरवा, आणि खालचा तांबडा वर येऊन कडेकडेने पेटल्यासारखा. माझी नजर लांबच्या टोकापासून सुरू झाली. ओढली जात होती, थांबत होती, सुटत होती. नारिंगीपाशी आली आणि पाणी झालं. मग दाराकडचं टोक आलं, कललेलं, आखूड आखूड. त्या वेळी मी पाठ केली नाही. आणि मला दिसलं की तिथे ओढी आखूड असल्या तरी चुकलेल्या नाहीत. थांबण्याच्या जागा त्याच आहेत, फक्त जवळ जवळ आल्यात. दुखतंय म्हणून माणूस मोडलेलं नाही, लहान लहान घेत शेवटपर्यंत गेलंय.

वैनी गडग्यापलीकडून बघत होती. माझ्याशी बोलत नव्हती म्हणून रापणीच्या माणसाला म्हणाली, "बरां दिसता रे. काय आसा तां विचारू नको, पण बरां दिसता."

मग पातळ कागद घालत घालत ते पाइपवर गुंडाळलं. माणसं अनवाणी, तुकड्यावरून पुढे-मागे झाली. कापड उचललं तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला काळपट भुकटी लागलेली होती. खाली खपल्या, माती, पावलं. बाईने हात कापडाच्या मागच्या अंगाजवळ नेला आणि माझ्याकडे बघितलं.

"झाड़ूँ?"

"झाड़ो," मी म्हटलं.

तिने झाडलं. टेंपो आला, पाइप चढला. तिने दोन्ही हात जोडले आणि मग माझा उजवा हात हातात घेऊन थोडा वेळ धरला. चित्र कुठल्यातरी मोठ्या इमारतीत लागणार असं म्हणाली होती. लागलं असेल.

ते दिवस वाईट गेले. मांगर रिकामा, खळं रिकामं, आता राखायला काही नाही. लोक सरळ चालत यायला लागले आणि मला काही बोलायचं कारण उरलं नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, लादी घालून टाकूया, कटकट नाय." मी म्हटलं, बघू.

मग एका सकाळी मी बालदी घेऊन वैनीच्या गोठ्यात गेलो आणि न विचारता शेण भरलं. ती दारातून बघत होती. खळ्यात येऊन पाणी घातलं, कालवलं आणि गडग्याच्या बाजूने उकिडवा बसलो. आमच्याकडे पुरुष सारवत नाहीत. वाटेने जाणारे उभे राहिले.

पहिले हात सरळच पडले. शेण कुठे जाड, कुठे नुसतं पाणी.

"भावजीनू," गडग्यापलीकडून आवाज आला, भांडणानंतर माझ्याशी पहिलाच, "होडयेक डांबर लायतास काय?"

"बोला नको. बघा."

"बघतंय म्हणानच बोलतंय. पाणी जास्त झालां. आणि म्होरां खंय जातास? मागे सरा, मागे. केलल्यावरच बसतास."

मागे सरलो. हात गोल फिरवायला लागलो. ती गडग्यावर कोपरं टेकून सांगत राहिली, मी शिव्या देत राहिलो. चंद्रकोरी उठायला लागल्या, वेड्यावाकड्या, कुणाच्याच हातासारख्या नाहीत. गुडघे भरून आले. वृंदावन अजून लांब होतं. मग उजव्या खांद्यात कळ आली, मानेपर्यंत गेली. मी हात तसाच फिरवत ठेवला. एकदा, दोनदा. आणि थांबलो.

"वैनीनू," मी मोठ्याने म्हटलं, "माझो खांदो दुकता."

तिने गडग्यावरची कोपरं काढली.

"मगे उठा," ती म्हणाली. "हात धुवा. च्या ठेवतंय."

मी उठलो. निम्मं खळं ओलं होतं आणि निम्मं तसंच पडलं होतं.